तराजूवर तोललेले जेवण

कामानिमित्त परगावी आलेल्या पाहुण्याला तेथील माणसे दुपारी कोठे जेवायला नेतात, यावरून त्या प्रदेशाला स्वतःविषयी काय सांगावेसे वाटते याचा बराचसा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, विशेषतः ऑस्टिन शहर आणि त्याच्या आसपासच्या गावांत, हे ठिकाण पुष्कळदा धुराने काळवंडलेल्या भिंतींचे, लांब बाकड्यांचे आणि वजनावर मांस विकणारे बार्बेक्यूचे दुकान असते. संगणकप्रणाली, चिपनिर्मिती, तेलउद्योग किंवा वैद्यकीय संशोधन यांसाठी पुण्या-मुंबईहून टेक्सासला जाणाऱ्या मराठी माणसांनाही या दुकानांची ओळख बहुधा अशाच एखाद्या बैठकीनंतर होते. ताटाऐवजी कागद, काट्याचमच्याऐवजी बोटे आणि शेजारी अनोळखी माणूस हे पाहून ती या प्रकाराला अमेरिकी माणसाच्या मोकळेपणाचे उदाहरण मानतात. तथापि ही पद्धत मूळ कोणासाठी पडली हे पाहिले, तर या मोकळेपणामागे कामासाठी घर सोडून आलेल्या आणि कोठेही बसून जेवण्याची मुभा नसलेल्या शेतमजुरांची अडचण उभी आहे, असे दिसून येते.

प्रथम शब्दाविषयी. आपल्याकडील शहरांत ‘बार्बेक्यू’ म्हटले, की टेबलात बसवलेली शेगडी आणि तिच्यावर सळईला टोचून भाजलेले तुकडे डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र या झटपट भाजण्याला ‘ग्रिल’ करणे म्हणतात आणि ‘बार्बेक्यू’ हा शब्द लाकडाच्या मंद आचेवर व धुरावर तासन्‌तास शिजवलेल्या मांसासाठी राखून ठेवतात. कॅरिबियन बेटांवरील टायनो लोकांच्या भाषेत लाकडी काठ्यांच्या उंच मांडवाला जो शब्द होता, त्याचे स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ असे रूप केले आणि त्यातून आजचा शब्द आला, असे सामान्यतः मानले जाते. पुढे दक्षिणेकडील मळ्यांवर हे काम मुख्यतः गुलाम म्हणून राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या माणसांनी केले आणि तेच त्यातले जाणकार झाले. प्रदेशानुसार त्याचे प्रकार पडले: कॅरोलिनांत डुकराचे मांस आणि व्हिनेगरचा आंबटपणा, मेम्फिसमध्ये डुकराच्या बरगड्या, कॅन्सस सिटीत टोमॅटो व काकवीचा दाट गोडसर सॉस, आणि मध्य टेक्सासमध्ये मीठ-मिरीखेरीज फारसे काही न लावलेले गोमांस. यांपैकी श्रेष्ठ कोणता, हा वाद कोल्हापुरी आणि मालवणी रश्श्याच्या वादाइतकाच न मिटणारा असल्यामुळे येथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

मध्य टेक्सासची पद्धत मांसविक्रीच्या दुकानांतून जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या भागात जर्मन आणि चेक स्थलांतरित मोठ्या संख्येने वसले. त्यांच्यातील खाटकांनी गावोगावी दुकाने थाटली आणि शीतकपाटे नसलेल्या त्या काळात न खपलेले मांस वाया जाऊ नये म्हणून ते धुरावर शिजवण्याची व उरलेल्या तुकड्यांचे सॉसेज, म्हणजे आतड्यात भरलेल्या खिम्याच्या नळ्या, करण्याची मायदेशातील रीत चालू ठेवली. हे शिजवलेले मांस खाटकाच्या नेहमीच्या जाड कागदात बांधून, वजन करून, घरी नेण्यासाठी विकले जाई. कापसाच्या वेचणीच्या हंगामात गावात येणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मजुरांनी मात्र ते तेथेच खायला सुरुवात केली, कारण त्यांना शिजवायला चूल नव्हती आणि वर्णभेदाच्या रूढीमुळे गावातील उपाहारगृहांत बसू दिले जात नव्हते. दुकानदार मांस तोलून देत, सोबत दुकानात विकायला असलेली खारी बिस्किटे, कांदा, लोणचे, चीज असे जे काही असेल ते मिळे, आणि मजूर दुकानाच्या मागच्या बाजूला किंवा बाहेर उभ्याउभ्याने जेवण उरकीत. आज ज्याला ‘अस्सल’ म्हणून दाखवले जाते त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट, म्हणजे कागद, तराजू, बोटांनी खाणे, सॉसचा अभाव, लोणच्याच्या फोडी आणि कच्चा कांदा, या गरजेतून आलेली आहे. मुंबईच्या गिरणगावातील खानावळी कोकणातून व घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांसाठीच उभ्या राहिल्या होत्या, परंतु तेथे महिन्याचा हिशेब असे, गावची ओळख असे आणि वाढणारी बाई जेवणाऱ्याला नावाने ओळखत असे. टेक्सासच्या कापूस वेचणाऱ्याच्या वाट्याला मात्र फक्त तराजू आला.

ऑस्टिनच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेले लॉकहार्ट हे गाव या इतिहासाचे चांगले उदाहरण आहे. टेक्सासच्या विधिमंडळाने ठरावाने ज्याला राज्याची ‘बार्बेक्यू राजधानी’ म्हणून गौरवले आहे, त्या या लहानशा गावात १९०० साली स्थापन झालेले ‘क्रॉइट्स मार्केट’ (स्थानिक उच्चार ‘क्राइट्स’) आणि १९३२ पासून चालत आलेले ‘ब्लॅक्स’ ही दुकाने अजूनही गर्दी खेचतात. क्रॉइट्स १९४८ मध्ये श्मिट कुटुंबाकडे आले. पुढे धंदा मुलांकडे आणि वडिलांच्या मृत्युपत्राने इमारत मुलीकडे गेली, भाडेकरारावरून बिनसले, आणि १९९९ मध्ये धंदा नव्या जागेत हलवताना जुन्या भट्टीतील धगधगते निखारे टपात घालून रस्त्याने ओढीत नव्या भट्टीत नेण्यात आले. भाऊबंदकीतही अग्नी अखंड ठेवण्याचा हा खटाटोप मराठी वाचकाला परका वाटू नये. जुन्या इमारतीत मग ‘स्मिटीज मार्केट’ सुरू झाले. तेथील एका प्रथेची आठवण जुनी माणसे सांगत असत: गिऱ्हाइकांना मांस कापण्यासाठी सामाईक सुऱ्या ठेवलेल्या असत आणि त्या कोणी उचलून नेऊ नयेत, किंवा कोणावर उगारू नयेत, म्हणून साखळीने बांधलेल्या असत.

बार्बेक्यूच्या दुकानात कोणाला बसता येईल, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यात प्रवासाचा मुद्दाही विचारात घेतला गेला, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. हे प्रकरण टेक्सासचे नसून अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहराचे आहे. तेथील ‘ऑलीज बार्बेक्यू’ या कौटुंबिक उपाहारगृहात २२० माणसांना बसण्याची सोय होती, ३६ नोकरांपैकी दोनतृतीयांश कृष्णवर्णीय होते, पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना आत बसू दिले जात नसे. त्यांनी पुडके बांधून न्यावे, अशी व्यवस्था होती. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा लागू झाल्यावर मालकांनी आपला धंदा स्थानिक असल्याने केंद्रीय कायदा आपल्याला लागू होत नाही, असा दावा केला. त्या दुकानात वर्षाला खरेदी होणाऱ्या सुमारे दीड लाख डॉलरच्या अन्नपदार्थांपैकी ४६ टक्के किमतीचे मांस राज्याबाहेरून आलेले होते, हे लक्षात घेऊन न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी एकमताने तो दावा फेटाळला. प्रवासात सोयीने जेवायला मिळत नसेल तर माणसे प्रवासच टाळतात आणि त्यामुळे राज्याराज्यांतील व्यापाराला अडथळा येतो, असा त्या निकालातील युक्तिवादाचा एक भाग होता. कामानिमित्त मोटारीने फिरणाऱ्या कृष्णवर्णीय विक्रेत्यांना हे सांगायला न्यायालयाची गरज नव्हती. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाटपाचे काम करणाऱ्या गृहस्थाने १९३६ पासून काढलेली ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका, कोणत्या गावात कोठे जेवायला व झोपायला मिळेल हेच तर सांगत असे.

ज्या राष्ट्राध्यक्षांनी त्या कायद्यावर सही केली, ते लिंडन जॉन्सन टेक्सासचे होते आणि बार्बेक्यूचा राजकारणासाठी उपयोग करण्यात वाकबगार होते. अध्यक्षपद हाती येऊन जेमतेम महिना झाला असताना, डिसेंबर १९६३ च्या अखेरीस, पश्चिम जर्मनीचे चान्सेलर लुडविग एर्हार्ट चर्चेसाठी आले, तेव्हा त्यांना वॉशिंग्टनमध्ये मेजवानी न देता जॉन्सन यांनी आपल्या रँचजवळच्या स्टोनवॉल गावात बार्बेक्यू दिला. थंडीमुळे तो एका शाळेच्या व्यायामशाळेत उरकावा लागला आणि पियानो वाजवायला व्हॅन क्लायबर्न हा जगप्रसिद्ध कलावंत होता. वाटाघाटीपूर्वी समोरच्याच्या हाताला चरबी लागू द्यावी, ही युक्ती आजच्या कंपन्यांनीही टाकून दिलेली नाही.

मध्य टेक्सासच्या बार्बेक्यूचा केंद्रबिंदू म्हणजे ब्रिस्केट, अर्थात गुराच्या पुढच्या दोन पायांमधला छातीचा भाग. गाय-बैलांना आपल्यासारखे गळ्याचे हाड नसल्याने पुढच्या धडाचा मोठा भार या स्नायूंवर पडतो. साहजिकच ते चिवट असतात आणि त्यांत कोलेजन नावाचे, तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे प्रथिन भरपूर असते. म्हणूनच हा भाग एके काळी स्वस्त होता. जुन्या दुकानांत खांद्यापासून छातीपर्यंतचा जो भाग येईल तो भट्टीत जाई. १९६० नंतरच्या काळात कत्तलखान्यांनी जनावर अखंड पाठवण्याऐवजी ठरावीक भाग खोक्यांत भरून पाठवायला सुरुवात केली, तेव्हा एकसारख्या आकाराचे ब्रिस्केट हवे तेवढे मागवता येऊ लागले आणि तेच राज्यभर प्रमाण बनले.

हा चिवट भाग मऊ होतो तो वेळेमुळे. ज्या भट्टीला ‘पिट’ म्हणतात, ती विटांची बांधलेली असो वा जुन्या गॅसच्या टाकीपासून केलेली लोखंडी असो, तिच्यात आग एका टोकाला असते आणि मांस दुसरीकडे, त्यामुळे त्याला ज्वाळा न लागता केवळ गरम हवा आणि धूर लागतो. हवेचे तापमान साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअस ठेवले जाते. मांसाच्या आतील तापमान ७० अंशांच्या पुढे गेले, की कोलेजन हळूहळू वितळून त्याचे जिलेटीन होते. पायाच्या सूपाने ओठ चिकट होतात ते याच जिलेटीनमुळे. पाच ते सात किलोंचा अखंड तुकडा आतून ९५ अंशांच्या आसपास पोहोचायला दहा ते सोळा तास लागतात. याच वाटेत नवशिक्याला घाबरवणारी एक अवस्था येते: ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कोठेतरी तापमान कित्येक तास हलतच नाही. मांसाच्या पृष्ठभागावर येणारा ओलावा बाष्प होऊन जाताना उष्णता घेऊन जातो आणि आतील वाढीला लगाम बसतो, हे त्याचे कारण. उन्हाळ्यात माठातील पाणी ज्या नियमाने गार राहते, तोच नियम येथे शंभरांहून अधिक अंशांच्या भट्टीत मांसाला गार ठेवीत असतो. पृष्ठभाग कोरडा पडला की तापमान पुन्हा चढू लागते; काहीजण तोपर्यंत थांबतात, काहीजण मांस खाटकाच्या कागदात गुंडाळून बाष्पीभवनच कमी करतात.

लाकूड बहुधा पोस्ट ओक या स्थानिक ओकचे असते. धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी जोडले जातात आणि तो रंग पक्का होतो. त्यामुळे कापलेल्या फोडीच्या कडेला, काळ्या कवचाच्या लगेच खाली, गुलाबी पट्टा दिसतो, आणि मांस कच्चे राहिले अशी शंका घेऊन पाहुणा फोड बाजूला सारतो. शंका निराधार असते. मीठ, भरड मिरी, चरबी आणि धूर यांपासून बनलेल्या काळ्या कवचाला ‘बार्क’, म्हणजे झाडाची साल, म्हणतात, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तेच मागतो.

मागण्याची रीत अशी. रांगेतून फळीपाशी पोहोचल्यावर समोर सुरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मांसाचे नाव आणि वजन सांगायचे असते. वजन पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅमच्या मापात, मोजतात. एका माणसाला अर्धा पौंड पुरेसा होतो, आणि चार प्रकार चाखायचे असतील तर प्रत्येकी पाव पौंड घेऊन दोघांत वाटून घेणे शहाणपणाचे. ब्रिस्केट मागितले की ‘लीन’ की ‘मॉइस्ट’ असा प्रश्न येतो. पहिला चरबी कमी असलेल्या सपाट स्नायूचा, दुसरा त्यावरच्या चरबीयुक्त स्नायूचा. दुसरा अधिक चवदार असतो, याबद्दल दुमत असल्यास ते भिडेपोटी असावे. फोडी तंतूंच्या आडव्या दिशेने कापल्या जातात, कागद अंथरलेल्या ट्रेवर तोलल्या जातात, आणि पावाच्या पांढऱ्या चकत्या, कांदा व लोणचे बहुधा फुकट मिळते. येथे पैशांइतकाच आपला निर्णय स्पष्ट सांगण्याचा सरावही लागतो, कारण मागे पन्नास माणसे उभी असतात.

मराठी प्रवाशासाठी काही गोष्टी आधीच जाणून घेण्यासारख्या आहेत. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या आणि मार्च २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे, आणि कायद्यापलीकडे अनेक घरांत गोमांस वर्ज्य आहे. टेक्सासमध्ये मात्र वेगळे काही न सांगता नुसते ‘बार्बेक्यू’ म्हटले तर ते गोमांसच असते. ते टाळणाऱ्याला टर्कीची छाती, कोंबडी आणि डुकराच्या बरगड्या हे पर्याय मिळतात. सॉसेजमध्ये मात्र गोमांस असणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नये. शाकाहारी माणसाची अडचण अधिक सूक्ष्म आहे. सोबतच्या पदार्थांत दिसणारी राजम्यासारखी पिंटो कडधान्याची उसळ निरुपद्रवी वाटते, पण तिच्यात ब्रिस्केटचे तुकडे किंवा डुकराची खारवलेली चरबी घालण्याची पद्धत सर्रास आहे. घेवड्याच्या शेंगांचेही तेच. बटाट्याच्या आणि कोबीच्या कोशिंबिरीत मांस नसते, परंतु अंड्याचे मेयोनीज असते. चीज घातलेली मॅकरोनी, मक्याची कणसे, पाव आणि केळ्याचे पुडिंग एवढ्यावर भागवता येते, आणि यजमानाला आधी कळवले तर तो बहुधा जागाच बदलतो. जेवणाची जागा ठरवताना पाहुण्याला एका शब्दाने विचारणे हे आदरातिथ्याचे पहिले कलम असले, तरी आपल्या खाद्यपदार्थाच्या अभिमानात बुडालेला यजमान ते विसरतो, आणि यात टेक्सासचा माणूस आपल्याहून वेगळा नाही.

पैशांचा हिशेबही बदलला आहे. मजुरांचे हे जेवण आता स्वस्त राहिलेले नाही: नामांकित दुकानांत ब्रिस्केटचा पौंडाचा भाव तीस डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो, कारण चरबी छाटून आणि शिजताना पाणी जाऊन कच्च्या मांसाचे वजन निम्म्याच्या आसपास येते, शिवाय रात्रभर आगीजवळ जागणाऱ्या माणसांची मजुरी असतेच. त्यावर टेक्सासचा ६.२५ टक्के विक्रीकर आणि स्थानिक कर मिळून ८.२५ टक्क्यांपर्यंत भर पडते, आणि पैसे भरण्याच्या पडद्यावर बक्षिसीचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकी सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना प्रवासात जेवणखर्चासाठी जो दैनिक भत्ता देते, तो २०२५ च्या आर्थिक वर्षात मुख्य भूभागावर ठिकाणानुसार ६८ ते ९२ डॉलर होता, प्रवासाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी त्याच्या ७५ टक्के. अनेक खासगी कंपन्याही हेच दर पायाभूत धरतात. दोन प्रकारचे मांस, दोन कोशिंबिरी आणि पेय एवढ्यात दुपारीच अर्धा भत्ता संपू शकतो.

किंमत वाढण्यामागे कीर्ती आहे. २००९ मध्ये ऑस्टिनला एका ट्रेलरमध्ये सुरू झालेल्या ‘फ्रँकलिन बार्बेक्यू’पुढे सकाळपासून रांगा लागू लागल्या, त्याच्या मालकाला २०१५ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, आणि जुलै २०१४ मध्ये कामासाठी ऑस्टिनला आलेले राष्ट्राध्यक्ष ओबामा तेथील रांग ओलांडून पुढे गेले व भरपाईदाखल पुढच्या गिऱ्हाइकांचे बिल त्यांनी भरले, ही गोष्ट तेथे अजून सांगितली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेने टेक्साससाठी पहिली यादी काढली, तेव्हा चार बार्बेक्यू दुकानांना प्रत्येकी एक तारा मिळाला, त्यांतली तीन ऑस्टिनमधली. गिऱ्हाईकही बदलले आहे: टेलर या गावात, जेथे १९४९ पासून ‘लुई म्यूलर’ हे दुकान आहे, सॅमसंगने २०२१ मध्ये १७ अब्ज डॉलरच्या चिप-कारखान्याची घोषणा केली. कापसाच्या गाड्या जेथे थांबत, तेथे आता सोलहून आलेले अभियंते रांगेत उभे राहतात. कापूस वेचणारे मजूर दुसऱ्या महायुद्धानंतर वेचणीची यंत्रे आली तसे दिसेनासे झाले होते.

रांगेत उभे राहण्याइतका वेळ कामाच्या दौऱ्यात क्वचितच असतो, आणि ‘संपले’ ही पाटी दुपारीच लागते, म्हणून बैठकीनंतर जाण्याचा बेत असेल तर दुकान सकाळी साधारण अकराला उघडते तेव्हाच गाठावे. अनेक प्रसिद्ध दुकाने सोमवारी बंद असतात. ऑस्टिनपासून सुमारे ८० किलोमीटरवरील लेक्सिंग्टन या गावातील ‘स्नोज’ हे दुकान, ज्याला ‘टेक्सास मंथली’ मासिकाने २००८ आणि २०१७ या दोन्ही वर्षी राज्यात पहिला क्रमांक दिला आणि जेथील भट्टी १९३५ साली जन्मलेल्या टूट्सी टोमानेत्झ या बाईंनी अनेक वर्षे सांभाळली, ते आठवड्यातून फक्त शनिवारी सकाळी आठला उघडते. तेव्हा ज्यांना तेथे जेवायचे असेल त्यांनी परतीचे विमान शुक्रवारी रात्रीचे घेऊ नये.